संगणकाचा पडदा अंधारला तर

यंत्र पुरतें मोडलें तर मनुष्य त्या मानानें लवकर सावरतो. परंतु यंत्र चालू आहे असें वाटावें आणि तरीहि त्यानें कांहींच दाखवूं नये, या अवस्थेंत तो अधिक गोंधळतो. संगणक वापरणाऱ्यांना हा अनुभव केव्हां ना केव्हां येतोच. सकाळीं बटण दाबावें, पेटींतला पंखा फिरूं लागावा, एखादा लहानसा दिवाहि लागावा, आणि समोरचा पडदा मात्र अमावास्येच्या रात्रीसारखा काळाच रहावा! वर्गाचे गुण भरून ठेवलेला शिक्षक, गृहनिर्माण संस्थेचे पांच वर्षांचे हिशेब सांभाळणारा चिटणीस, प्रबंधाचें शेवटचें प्रकरण लिहीत असलेली विद्यार्थिनी, अशा कोणाच्याहि तोंडून त्या क्षणीं एकच उद्गार निघतो, "सारें गेलें!"

वस्तुतः बहुतेक प्रसंगीं कांहींच गेलेलें नसतें. पडदा हें संगणकाचें केवळ तोंड होय. लिहिलेलें, जमविलेलें, साठविलेलें जें कांहीं असतें तें पेटीच्या आंत डिस्क नांवाच्या निराळ्या भागांत असतें. एखाद्याची वाचा बसली म्हणून त्याची स्मृति नष्ट झाली असें कोणी म्हणत नाहीं. मग संगणकाच्याच बाबतींत इतकी घाई कां व्हावी? खरा धोका बिघाडापेक्षां या घाईंतच अधिक असतो. कोणी शेजारी सल्ला देतो, कोणी दुकानदार न पाहतांच सांगतो, कीं डिस्क फॉरमॅट करावी लागेल, म्हणजे तिच्यावरील सर्व मजकूर पुसून नव्यानें आरंभ करावा लागेल. घाबरलेला मनुष्य मान डोलावतो, आणि जें बिघाडानें गेलें नव्हतें तें उपायानें जातें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार आहे. म्हणून दुखणें नेमकें कोठें आहे हें आधीं ठरवावें, आणि मगच औषधाकडे वळावें.

बटण दाबणें आणि चित्र उमटणें यांच्यामध्यें काय घडतें हें समजलें, म्हणजे शोधाची वाट आपोआप स्पष्ट होते. बटण दाबतांच प्रथम जागा होतो तो वीज पुरविणारा भाग. व्यवहारांत त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाच्या नाजूक भागांना सोसेल अशी १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज तयार करतो. हे दाब स्थिर झाले म्हणजे "वीज ठीक आहे" असा संकेत तो मदरबोर्डला देतो. या साऱ्याला सेकंदाचा अंशच पुरतो. संकेत मिळाल्यावर प्रोसेसर कामाला लागतो. परंतु त्या वेळीं त्याला डिस्क ठाऊक नसते, पडदा ठाऊक नसतो, फार काय, स्वतःची रॅमदेखील ठाऊक नसते. एका ठराविक जागीं जाऊन पहिली आज्ञा वाचावयाची, एवढेंच त्याला कळतें. ती आज्ञा मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्यें लिहून ठेवलेली असते. या आरंभीच्या आज्ञावलीला पूर्वीं बायॉस म्हणत. आजच्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनें घेतली आहे, तथापि लोकांच्या बोलण्यांत बायॉस हेंच नांव टिकून राहिलें आहे.

हा बायॉस म्हणजे या खेळाचा सूत्रधार होय. नाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं आंत पात्रांची हजेरी घ्यावी, त्याप्रमाणें तो एकेका भागाची हजेरी घेतो. प्रोसेसर ठीक आहे काय, हें तो पाहतो. मग रॅम मोजून व जुळवून घेतो. त्यानंतर चित्र काढणाऱ्या भागाला, म्हणजे ग्राफिक्सला, जागें करतो. आणि अखेरीस डिस्कला हांक मारून तिच्यावरील विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या हातीं सर्व कारभार सोपवितो. सूक्ष्म तपशील यंत्रागणिक बदलतात. परंतु हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे, कारण त्यांतून दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. पहिला असा, कीं रॅमची तपासणी चित्राच्या आधीं होते. म्हणून रॅमच अडली तर "रॅम अडली आहे" हें सांगण्यापुरतें अक्षरहि पडद्यावर उमटत नाहीं. दुसरा निष्कर्ष त्याहून मोलाचा आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर एक अक्षर किंवा कंपनीचें एक चिन्हहि आलें नसेल, तर डिस्कवरील मजकुराची पाळी अद्याप आलेलीच नाहीं. त्या टप्प्यावरच्या अंधारावर डिस्क पुसून टाकणें हा उपाय होऊंच शकत नाहीं.

पडदा तयार होण्याआधींच अडचण आली, तर ती सांगावयाची कशी? यासाठीं संगणक घडविणाऱ्यांनीं आवाजाचा आश्रय केला. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें पीसी या नांवाचा आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यांत हजेरी सुरळीत पार पडली म्हणजे एक आखूड नाद होई. एक लांब व दोन आखूड नाद झाले तर चित्राच्या भागांत दोष आहे असें समजावयाचें. छंदशास्त्रांत लघु-गुरूंवरून वृत्त ओळखावें, तशी ही विद्या आहे. ती अजून पूर्णपणें लोपलेली नाहीं. मात्र प्रत्येक उत्पादकाची लघु-गुरूंची भाषा निराळी असल्यामुळें, ऐकलेले नाद कागदावर लिहून घेऊन त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेंत त्यांचा अर्थ पहावा. आतांशा पुष्कळ यंत्रांत हा नाद करणारा भोंगाच बसविलेला नसतो. त्याच्या ऐवजीं कांहीं मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात व त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशीं नांवें छापलेलीं असतात. हजेरी जेथें अडते तेथील दिवा लागून राहतो. पेटीची बाजू उघडून हे दिवे पाहणें म्हणजे निम्मा शोध होय.

हें ज्ञान हाताशीं घेऊन मग यंत्राकडे पहावें. काळा पडदा हें एकच लक्षण असलें, तरी त्याच्या पोटीं तीन निरनिराळ्या अवस्था असतात. पहिलींत यंत्र मुळींच जागें होत नाहीं. ना पंखा, ना दिवा. दुसरींत यंत्र जागें होतें, पण पडद्यावर आरंभापासून कांहींच येत नाहीं. तिसरींत कंपनीचें चिन्ह दिसतें, क्वचित् चक्रहि फिरतें, आणि मग अंधार होतो. या तिघींपैकीं आपली अवस्था कोणती, हें ओळखण्यास हत्यार लागत नाहीं. कान व डोळे पुरतात. कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबून पहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर अंधाराआड यंत्र जिवंत आहे असें बहुधा समजावें.

पहिल्या अवस्थेचा तपास भिंतीपासून करावा. ज्या सॉकेटमध्यें संगणकाचा प्लग आहे, त्याच सॉकेटमध्यें टेबलावरचा दिवा लावून पहावा. एक्स्टेन्शन बोर्ड व यूपीएस हे दुवे क्षणभर वगळून प्लग थेट भिंतीला जोडावा. पेटीच्या पाठीमागें एसएमपीएसवर बहुधा एक छोटी कळ असते. तिच्यावरील उभी रेघ म्हणजे चालू आणि वर्तुळ म्हणजे बंद. झाडलोट करतांना धक्का लागून ही कळ बंद झाल्याचीं उदाहरणें दुरुस्ती करणाऱ्यांना नित्य भेटतात. त्यानें भागलें नाहीं तर प्लग काढावा, सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें व मग पुन्हां प्रयत्न करावा. आंत सांचलेला विजेचा अवशेष निघून गेल्यानें कित्येकदां अडलेलें यंत्र वाटेवर येतें. एवढें करूनहि हालचाल नसेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. हा भाग उघडून पहाण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. त्याच्या आंत सुमारें ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लग काढल्यावरहि तो कांहीं काळ टिकून राहूं शकतो. दुसरा चांगला एसएमपीएस जोडून पहाणें, हीच त्याची योग्य परीक्षा होय. आणि तीहि जाणत्याकडून करवावी.

दुसरी अवस्था अधिक फसवी आहे, कारण तींत पेटीकडे बोट दाखवितां दाखवितां खरा गुन्हेगार बाहेरच निसटतो. म्हणून आधीं पडद्याचीच झडती घ्यावी. मॉनिटरची केबल पेटीपासून सोडवावी व मॉनिटर तसाच चालू ठेवावा. "सिग्नल नाहीं" अशा अर्थाचीं अक्षरें त्यानें स्वतःहून दाखविलीं, तर मॉनिटर व त्याचा प्रकाश शाबूत आहे. तींहि आलीं नाहींत, तर दोष मॉनिटरचा किंवा त्याच्या विजेचा. मॉनिटर चांगला ठरल्यावर केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी, शक्य तर दुसरी लावून पहावी. मॉनिटरला एकाहून अधिक केबली जोडण्याची सोय असते. तो चुकीच्या वाटेकडे डोळे लावून बसला असेल, तर त्याच्या बटणानें योग्य वाट निवडून द्यावी. पेटीच्या पाठीशीं केबल कोठें लाविली आहे हेंहि पहावें. वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असेल, तर केबल त्या कार्डालाच लावावयाची. मदरबोर्डवरील तसल्याच तोंडांतून तेव्हां पुष्कळदां चित्र बाहेर पडत नाहीं. कांहीं प्रोसेसरांत तर चित्र काढण्याची शक्तीच ठेवलेली नसते, आणि त्यांच्या यंत्रांत मदरबोर्डवरचें तें तोंड केवळ शोभेचें असतें. खोली बदलतांना सर्व तारा काढून पुन्हां जोडल्या आणि त्या दिवसापासून संगणक आंधळा झाला, अशा तक्रारीचें मूळ बहुधा येथें सांपडतें.

बाहेरचें सर्व ठीक असेल तर पेटीची बाजू उघडावी. तत्पूर्वीं प्लग काढावा, आणि आंतील भागांना स्पर्श करण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. कोरड्या हवेंत अंगावर जमलेली विजेची ठिणगी माणसाला जाणवणारहि नाहीं इतकी क्षीण असली, तरी चिपेला ती मारक होऊं शकते. येथें पहिला मान रॅमचा. रॅमची पट्टी खांचेंत उभी बसते. डीडीआर४ जातीच्या टेबलावरील संगणकाच्या पट्टीला २८८ पिना असतात, आणि त्यांतल्या थोड्याशा पिनांचा संपर्क सुटला तरी हजेरी तेथेंच थांबते. कोंकणांतल्या दमट हवेंत किंवा रस्त्यालगतच्या धुळींत वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या पेटींत असें होणें नवलाचें नाहीं. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मोकळ्या करून पट्टी काढावी, खांचेंतील धूळ हलक्या हातानें झटकावी, आणि खिटी आपोआप बसल्याचा आवाज येईपर्यंत पट्टी सारख्या दाबानें पुन्हां बसवावी. पिनांवर खोडरबर घासण्याची चाल दुरुस्तीच्या दुकानांत आढळते. तिनें मळ निघतो खरा. पण पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, शिवाय रबराचा चुरा खांचेंत राहतो. मऊ कोरडें कापड किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरें. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पहावी. एकीनें चित्र आलें व दुसरीनें गेलें, म्हणजे दोषी कोण हें सांगावयास नको.

मदरबोर्डला वीज देणारे दोन प्लग असतात, एक २४ पिनांचा मोठा, आणि दुसरा खास प्रोसेसरसाठीं ४ किंवा ८ पिनांचा. हा दुसरा सैल असेल तर पंखे डौलानें फिरतात आणि प्रोसेसर मात्र निजूनच राहतो. पंखा फिरतो म्हणजे यंत्र ठीक आहे, ही समजूत किती उथळ आहे तें यावरून दिसेल. त्यानंतर मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या घटाकडे वळावें. सीआर२०३२ या नांवाचा हा ३ व्होल्टचा घट घड्याळ चालू ठेवतो, आणि पुष्कळ यंत्रांत बायॉसच्या नोंदीहि त्याच्या आधारानें टिकतात. तो संपला कीं तारीख मागें जाते, आणि कांहीं यंत्रें आरंभींच अडून बसतात. प्लग काढून हा घट कांहीं मिनिटें बाहेर ठेवला, तर पुष्कळ मदरबोर्डांवर चुकीच्या नोंदी पुसल्या जाऊन कारखान्यांतल्या मूळ नोंदी परत येतात. या नोंदी म्हणजे डिस्कवरील मजकूर नव्हे. त्यामुळें कागदपत्रांना धक्का लागत नाहीं. फक्त डिस्क सांकेतिक कुलुपानें बंद केलेली असल्यास, पुढच्या वेळीं तें कुलूप आपली किल्ली मागण्याचा संभव असतो, हें ध्यानांत असावें.

तरीहि अंधार कायम असेल तर वजाबाकीचा मार्ग धरावा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, स्पीकर, जें जें बाहेरून जोडलें आहे तें सोडवावें. आंतील डिस्कहि विजेपासून अलग करून पहावी, कारण बिघडलेली डिस्क कधीं कधीं हजेरीच्या रांगेंत इतरांनाहि अडवून धरते. येथें डिस्क नुसती बाजूला काढावयाची असते, पुसावयाची नसते, हा भेद विसरूं नये. एसएमपीएस, मदरबोर्ड, पंख्यासह प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि चित्राची एक वाट, एवढ्या पांच गोष्टींवर संगणकानें तोंड उघडलें पाहिजे. तें उघडलें, तर एकेक भाग परत जोडीत जावें; ज्याच्या येण्यानें अंधार परतला तो भाग दोषी. या कामीं एकच नियम कांटेकोरपणें पाळावा. एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झालें, तर आनंद होतो, पण ज्ञान होत नाहीं; आणि आठ दिवसांनीं तोच बिघाड पुन्हां दारांत उभा राहतो. जोडीला थोडा धीरहि हवा. डीडीआर५ जातीची नवी रॅम बसविल्यावर पहिल्या आरंभीं तिची जुळवणी होण्यास कांहीं यंत्रांत मिनिटेंच्या मिनिटें जातात, आणि तोंवर पडदा काळाच असतो. अशा वेळीं अधीर होऊन वीज तोडली तर तेंच काम पुन्हां पहिल्यापासून सुरू होतें.

लॅपटॉपमध्यें हे सर्व भाग एकाच चपट्या पेटींत कोंबलेले असल्यानें उघडून पहाण्याची मुभा कमी असते. पण परीक्षेचे साधे मार्ग त्यालाहि आहेत. चार्जर काढून, बॅटरी निघत असल्यास तीहि काढून, बटण अर्धा मिनिट दाबावें. मग केवळ चार्जरवर तो सुरू करून पहावा. खोलींत अंधार करून पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. पुसट चित्र दिसलें, तर संगणक उत्तम चालत आहे आणि केवळ पडद्यामागचा प्रकाश विझला आहे. दुसरा मॉनिटर किंवा घरांतील दूरचित्रवाणीसंच जोडला व त्यावर चित्र आलें, तरीहि निष्कर्ष तोच, कीं दुखणें पडद्याचें किंवा त्याच्या तारेचें आहे. आणि त्या दुसऱ्या पडद्यावरून सारे कागद तत्काळ नकलून घेतां येतात. झांकण मिटलें आहे हें लॅपटॉपला बहुधा चुंबकावरून कळतें. म्हणून जवळ चुंबकाची कडी असलेलें पाकीट किंवा आवरण असेल तर तेंहि दूर सारावें.

आतां तिसरी अवस्था. चिन्ह दिसलें आणि मग अंधार झाला, म्हणजे सूत्रधारानें आपलें काम पार पाडलें. अडखळली ती कार्यप्रणाली. हा बिघाड बहुधा आज्ञांचा असतो, भागांचा नसतो. विंडोज १० व ११ या प्रणालींत विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या कीं चित्राचा कारभार नव्यानें सुरू होतो. विंडोज व पी या कळांनीं चित्र कोणत्या पडद्यावर जावें हें बदलतां येतें. पूर्वीं जोडलेल्या प्रोजेक्टरकडेच तें अजून जात असेल, तर येथें उलगडा होतो. काळ्या पडद्यावर नुसता बाण फिरत असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळांनीं टास्क मॅनेजर उघडून तेथून एक्सप्लोरर सुरू करून पहावा. याहि मार्गानें यश आलें नाहीं, तर आरंभ होत असतांनाच बटण सुमारें दहा सेकंद दाबून यंत्र बंद करावें. असें लागोपाठ दोनदां-तीनदां झालें म्हणजे विंडोज स्वतःच दुरुस्तीचें पान पुढें करते. हा उपाय निरुपाय झाल्यावरच योजावा, आणि "अपडेट चालू आहे" अशीं अक्षरें दिसत असतांना तर मुळींच योजूं नये. त्या पानावरून सेफ मोडमध्यें जातां येतें. तेथें प्रणाली अगदीं मोजक्या साहित्यावर चालते. सेफ मोडमध्यें चित्र आलें, तर नुकताच बसलेला ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एखादें अपडेट किंवा एखादा नवा प्रोग्राम यांपैकीं कोणी तरी अपराधी आहे, आणि तो तेथूनच काढून टाकतां येतो.

आज्ञांतील दोष यंत्राला किती निर्जीव भासवूं शकतो, याचें मोठें उदाहरण १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, विंडोजवर चालणारे सुमारें ८५ लाख संगणक कोलमडले. त्यांचे पडदे काळे नव्हे, निळे झाले, एवढाच फरक. विमानतळ, रुग्णालयें, पेढ्या यांचीं कामें खोळंबलीं. भारतांतील कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची वेळ आली. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्यें जाऊन ती एक सदोष फाईल काढून टाकणें. मजकूर जागच्या जागीं होता. मात्र ज्या संगणकांच्या डिस्कवर बिटलॉकरचें सांकेतिक कुलूप होतें, तेथें त्या कुलुपाची ४८ अंकी किल्ली आधीं हुडकावी लागली, आणि कित्येक कचेऱ्यांचा वेळ दुरुस्तीपेक्षां त्या किल्लीच्या शोधांतच गेला. आज पुष्कळ नव्या लॅपटॉपांवर असें कुलूप मालकाच्या नकळत लागलेलें असतें. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जमा असते. यंत्र चांगलें असतांनाच ती पाहून कागदावर उतरून ठेवावी आणि तो कागद संगणकाच्या पिशवींत न ठेवतां अन्यत्र ठेवावा.

एवढ्यानेंहि पडदा उजळला नाहीं, तर वाद उरतो तो यंत्राचा. मजकुराची वाट निराळीच आहे. बहुसंख्य संगणकांतील डिस्क चार स्क्रू काढून बाहेर घेतां येते, आणि थोड्या खर्चाच्या आवरणांत घालून दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हप्रमाणें जोडतां येते. कुलूप असेल तर किल्ली लागेल, एवढेंच. चिटणिसाचे हिशेब व विद्यार्थिनीचें प्रकरण असें सायंकाळपर्यंत हातीं येऊं शकतें, मग मूळ यंत्राची दुरुस्ती महिनाभर चालो. कांहीं पातळ लॅपटॉपांत मात्र साठवणीच्या चिपा मदरबोर्डलाच डाखलेल्या असतात. त्या अशा काढतां येत नाहींत. त्यांच्या मालकांना एकच संरक्षण आहे, आणि तें इतरांनाहि तितकेंच लागू आहे. महत्त्वाच्या कागदांची एक नक्कल संगणकाबाहेर असावी, आणि ती नियमानें ताजी करावी.

घरगुती तपासाला मर्यादा आहेत. जळका वास, मदरबोर्डवरील फुगलेले कपॅसिटर, आंत सांडलेला चहा, यांपैकीं कांहीं आढळलें तर वीज बंद करून यंत्र जाणत्याच्या स्वाधीन करावें. परंतु स्वाधीन करतांना रिकाम्या हातानें जाऊं नये. एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्या: बटण दाबल्यावर पंखा व दिवे यांचें काय होतें, किती व कसले नाद ऐकूं येतात, पडद्यावर शेवटचें काय दिसलें, आणि त्याच्या आदल्या दिवशीं यंत्रांत काय बदललें होतें. त्याखालीं पांचवी ओळ असावी, "मालकास विचारल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करूं नये." वैद्यासमोर लक्षणें नीट सांगणारा रोगी अर्धें काम स्वतः करीत असतो. संगणकाला बोलतां येत नाहीं अशा वेळीं तें काम त्याच्या मालकानें करावयाचें असतें, आणि त्या पांच ओळी लिहावयाला पडद्याची गरज लागत नाहीं.